जादूगोडाची मोजणी कुणी करायची?

झारखंडमधल्या जादूगोडा या युरेनियम खाणीच्या गावातल्या लोकांच्या आजारपणाचा विषय निघाला की अणुऊर्जा खात्याकडून एक ठरलेलं उत्तर येतं: किरणोत्सर्ग मर्यादेच्या आत आहे. किरणोत्सर्गविरोधी आंदोलनाकडून एक ठरलेला फोटो येतो: वाकड्या हातापायांचं मूल आणि शेजारी बसलेली आई. पंचवीस-तीस वर्षं हे उत्तर आणि हा फोटो समोरासमोर उभे आहेत. वाचणारा आपापल्या कलाप्रमाणे एकावर विश्वास ठेवतो आणि पान उलटतो. मला दोन्ही अपुरे वाटतात. पण दोघांचा दोष सारखा नाही, कारण ज्याच्याकडे मोजायची साधनं, पैसा आणि माणसं होती, त्याने मोजलं नाही. ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं, त्याच्याकडे मात्र आपण पुरावा मागत राहिलो.

जादूगोडा झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यात आहे, जमशेदपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर. ‘हो’ आणि संथाळ या आदिवासी जमातींची वस्ती, आजूबाजूला डोंगर, भाताची खाचरं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे युरेनियम सापडलं, १९६७ साली युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि देशातली पहिली युरेनियम खाण इथे चालू झाली. पुढे भाटिन, नरवापहाड, तुरामडीह, बागजाता, बंदुहुरांग अशा खाणी त्याच पट्ट्यात निघाल्या. आंध्रातलं तुम्मलपल्ले नंतर आलं. म्हणजे निदान चार दशकं या देशाच्या युरेनियमचा भार मुख्यतः एका जिल्ह्याने वाहिला.

हा भार नेमका कसला, हे समजायला इथलं खनिज किती हलक्या प्रतीचं आहे ते पाहावं लागतं. एक टन दगड फोडला तर त्यातून जेमतेम अर्धा किलोच्या आसपास युरेनियम हाती लागतं. बाकीचा जवळजवळ अख्खा टन मागे उरतो. दगड आधी भरडतात, मग पिठासारखा दळतात, गंधकाम्लात घोळवून त्यातलं युरेनियम वेगळं काढतात, आणि शेवटी जी पिवळी भुकटी तयार होते ती पिंपांत भरून हैदराबादच्या इंधन कारखान्याकडे रवाना होते. उरलेल्या लगद्यात चुना घालून त्याचं आम्ल मारतात. त्यातला जाड भाग खाणीच्या पोकळीत परत भरतात आणि बारीक गाळ नळातून तलावात सोडतात. स्थानिक लोक त्याला टेलिंग पाँड किंवा नुसतं ‘डॅम’ म्हणतात. जादूगोडाला असे तीन तलाव आहेत आणि त्यांच्या काठाला डुंगरीडीह, तिलाईटांड, चाटीकोचा ही गावं आहेत. काठाला हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा: घराच्या मागच्या दारातून बांध दिसतो.

युरेनियम निघून गेलं म्हणजे गाळ निर्धोक झाला, असा समज सहज होतो, आणि तो चुकीचा आहे. मूळ दगडातला सुमारे ८५ टक्के किरणोत्सर्ग या गाळातच राहतो. कारण युरेनियमच्या विघटनातून युगानुयुगं तयार होत आलेले थोरियम-२३० आणि रेडियम-२२६ हे घटक कारखान्याला नको असतात. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षं, थोरियम-२३० चं सुमारे ७५ हजार. रेडियमपासून सतत रेडॉन वायू सुटत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. लाखो वर्षं डोंगराच्या पोटात दडलेली ही द्रव्यं आपण पिठासारखी दळून उघड्यावर आणून ठेवली. ती कुणाच्या पोटात किंवा छातीत जाणार नाहीत याची हमी एका मातीच्या बांधावर आणि काही किलोमीटर नळावर आहे.

हा नळ २४ डिसेंबर २००६ रोजी फुटला. गाळ शेजारच्या ओढ्यात वाहू लागला आणि काही तास वाहत राहिला. मासे-बेडूक मरून पडले, काठावर राखाडी थर बसला. या घटनेतली मला सगळ्यांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी की नळ फुटल्याची खबर कंपनीला कुठल्या यंत्राने दिली नाही, ती गावकऱ्यांनी दिली. अणुइंधनाच्या साखळीच्या पहिल्या कडीवर देखरेख ठेवायला भाताच्या खाचरातली माणसं होती. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांतही गळतीच्या घटना घडल्या. नळ फुटणं हा अपघात असू शकतो. पण तो फुटल्याचं तासन्तास न कळणं हा व्यवस्थेचा भाग झाला.

आता ते ठरलेलं उत्तर. शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. सर्वसामान्य नागरिकासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे, निसर्गातून मिळणारी मात्रा सोडून. निसर्गातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास मिळतेच. आकडा म्हणून ही मर्यादा कडक आहे आणि ती ठरवणारे लोक अडाणी नाहीत. माझी शंका आकड्याबद्दल नाहीच. ‘मर्यादेच्या आत’ हे उत्तर कुठल्या माणसासाठी काढलं, एवढंच विचारायचं आहे. बहुतेक वेळा ही मात्रा माणसाच्या अंगावर मोजलेली नसते. हवेत इतकं, पाण्यात इतकं, अन्नात इतकं असे नमुने घेऊन, एक कल्पित माणूस इतकं पाणी पितो, इतका वेळ घराबाहेर असतो, असं धरून हिशेब केलेला असतो. आता पहिल्या-दुसऱ्या तलावाच्या काळातली माणसं आठवून पाहा. कुंपण नीट नव्हतं तेव्हा सुकलेल्या गाळावर मुलं खेळली. गुरं चरली. बायका तिथूनच सरपण घेऊन आल्या. खाणीतला दगड घरांच्या पायात आणि रस्त्यांत गेला. खाणकामगार धुळीने माखलेला गणवेश घरी घेऊन यायचे आणि तो बायकोच्या हातून धुतला जायचा, असं जुने कामगार सांगत आले आहेत. ही सगळी माणसं सरासरीत विरघळून जातात. एखाद्या गावाची सरासरी मर्यादेच्या आत असणं आणि त्या गावातल्या एखाद्या घराची मात्रा मर्यादेबाहेर असणं, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पाण्याचंही असंच. पिण्याच्या पाण्यात युरेनियम किती चालेल, याचा भारतातला अणुऊर्जा नियामक मंडळाचा जुना आकडा लिटरला ६० मायक्रोग्रॅम होता. जागतिक आरोग्य संघटनेचा ३०. पुढे भारतीय मानकातही ३० आला. म्हणजे एका दिवशी जे पाणी मर्यादेच्या आत होतं, ते दुसऱ्या दिवशी मर्यादेबाहेर गेलं, विहीर तीच आणि पिणाराही तोच. शिवाय हा ३० चा आकडा मुख्यतः मूत्रपिंडाला होणाऱ्या अपायावरून आला आहे, किरणोत्सर्गावरून नाही. युरेनियम हा शिशासारखा जड धातूही आहे, हे या वादात दोन्ही बाजू विसरतात.

फोटोकडे वळू. १९९० च्या दशकात झारखंडी ऑर्गनायझेशन अगेन्स्ट रेडिएशन ही संघटना उभी राहिली. घनश्याम बिरुली यांच्यासारखे खाणकामगाराच्या घरात वाढलेले कार्यकर्ते त्यात पुढे होते. जानेवारी १९९६ मध्ये तिसऱ्या तलावासाठी चाटीकोचात पोलीस बंदोबस्तात घरांवर बुलडोझर चालवले गेले, तेव्हापासून हा लढा जमिनीचाही झाला आणि शरीराचाही. २००७ साली इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट या डॉक्टरांच्या संघटनेने पाहणी केली. खाणीपासून अडीच किलोमीटरच्या आतली २,११८ घरं आणि तीसेक किलोमीटर दूरच्या गावांतली १,९५६ घरं, असा ताळा त्यांनी मांडला. जवळच्या गावांत जन्मजात व्यंग असलेलं मूल झाल्याचं सांगणाऱ्या आयांचं प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास, दूरच्या गावांत अडीच. मूल न होणं, कर्करोगाने मृत्यू, इथेही जवळच्या गावांचं पारडं जड.

हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, पण तो निर्णायक नाही आणि तसा दावा करणाऱ्यांनी त्याचं नुकसानच केलं. घरोघरी जाऊन विचारलेल्या उत्तरांवर तो उभा आहे. ज्या गावात वर्षानुवर्षं किरणोत्सर्गाची चर्चा चालू आहे तिथे आईला पोटात गेलेलं मूलही नीट आठवतं, आणि जिथे चर्चाच नाही तिथे ते विस्मरणात जातं. कुणाला किती मात्रा मिळाली, हे त्यात मोजलेलं नाही. अंतर हेच मात्रेचं माप मानलं. पण या उणिवा दाखवणाऱ्यांनी हेही सांगावं की चार हजार घरं पालथी घालणाऱ्या डॉक्टरांपाशी मात्रा मोजायची उपकरणं कुठून यायची? ती ट्रॉम्ब्यात, भाभा अणुसंशोधन केंद्रात होती. या केंद्राचा एक विभाग तर खुद्द जादूगोडातच काम करतो.

या पाहणीच्या काही वर्षं आधी डॉक्टरांच्या एका पथकाने तिथल्या रुग्णांना तपासून निर्वाळा दिला होता की यातला कुठलाही आजार किरणोत्सर्गामुळे झाला असं म्हणता येत नाही. कारणं सांगितली ती हिवतापाने वाढलेली पाणथरी (प्लीहा), कुपोषण, थॅलेसेमियासारखे आनुवंशिक विकार, मेंदूज्वर, डोक्याला झालेल्या इजा. वैद्यकीयदृष्ट्या यातलं एकही कारण मला अशक्य वाटत नाही. सिंहभूममध्ये हिवताप आहे, कुपोषण तर आहेच. त्याच पट्ट्यात तांब्याच्या खाणी आहेत, म्हणजे दगडाची धूळ आणि जड धातू वेगळे. पण हे उत्तर देणाऱ्याच्या ध्यानात येतं का, की देशाच्या अण्वस्त्रांपासून विजेपर्यंत सगळ्यासाठी ज्या गावाच्या पोटातून माल काढला, त्या गावातली मुलं तीस-चाळीस वर्षांनंतरही कुपोषणाने आणि हिवतापाने आजारी आहेत, असं तो स्वतःच कबूल करतोय? कंपनीची वसाहत, शाळा, दवाखाना शेजारीच. आणि कुपोषण हे किरणोत्सर्गाच्या विरुद्धचं कारण कसं ठरतं, तेही कळत नाही. खंगलेल्या आईला दोन्ही गोष्टी एकाच वेळी भोवू शकतात. एकाने दुसऱ्याची सुटका होत नाही.

आता जी गोष्ट आंदोलनातल्या मित्रांना आवडणार नाही ती. जन्मजात व्यंग असलेल्या मुलांचा फोटो हा या लढ्याचा सगळ्यांत ठसठशीत पुरावा मानला गेला, पण विज्ञानाच्या कसोटीवर तोच सगळ्यांत कच्चा आहे. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्या लोकांना नंतर झालेली ७० हजारांहून अधिक मुलं तपासली गेली. आई-बापांना मिळालेल्या किरणोत्सर्गामुळे त्यांच्यात व्यंगाचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. स्फोटाच्या वेळी जी मुलं गर्भात होती त्यांच्यात मात्र लहान डोकं, मतिमंदत्व असे परिणाम ठळकपणे सापडले. म्हणजे गर्भावर परिणाम होतो, पण त्याला लागणारी मात्रा जादूगोडात नोंदलेल्या मात्रांच्या कितीतरी पट आहे. याचा अर्थ जादूगोडाच्या आया खोटं बोलतात असा नाही. त्यांच्या मुलांना काहीतरी झालं आहे आणि त्याचं कारण शोधलं गेलेलं नाही, एवढाच अर्थ आहे. आणि ते शोधणं अशक्य होतं, असं निदान आपल्या अणुऊर्जा खात्याने म्हणू नये. कारण ते त्यांनी दुसरीकडे करून दाखवलेलं आहे.

केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे. तिच्यातल्या थोरियममुळे तिथला नैसर्गिक किरणोत्सर्ग देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट. करुणागप्पळ्ळी इथे १९९० साली तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने कर्करोग नोंदणी सुरू केली. घराघरात जाऊन आत-बाहेर मात्रा मोजली. जवळजवळ ७० हजार प्रौढांचा सरासरी दहा वर्षं पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापला: या किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढलेला दिसत नाही. त्याच किनाऱ्यावर भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९९५ पासून सरकारी रुग्णालयांत जन्मणारी बाळं तपासली, एक-दोन हजार नव्हे, १ लाख ४० हजारांहून अधिक. व्यंगाचं प्रमाण किरणोत्सर्गाशी जोडलेलं आढळलं नाही. काम चोख होतं आणि जगभर त्याचा दाखला दिला जातो. मीही ते मानतो.

पण मग प्रश्न पडतोच. जिथे किरणोत्सर्ग देवाने दिलेला आहे तिथे दीड लाखाच्या घरात बाळं तपासली जातात, आणि जिथे तो खात्याच्या स्वतःच्या कारखान्याने आणून ठेवला तिथे त्याच्या जवळपास जाणारंही काम होत नाही, हे कसं? केरळचा निष्कर्ष जादूगोडाला लावता येत नाही. तिथे वाळूतून येणारे गॅमा किरण मुख्य आहेत, इथे श्वासातून जाणारी धूळ आणि रेडॉन, पाण्यातून जाणारं युरेनियम-रेडियम. शरीरात शिरायचा रस्ताच वेगळा. तरीही जादूगोडात असाच अभ्यास होऊन ‘काही आढळलं नाही’ असं निघालं असतं, तर खात्याला त्याच्याइतका मोठा बचाव मिळाला नसता. तो बचाव त्यांनी कधी उभाच केला नाही. ‘पुरावा नाही’ या वाक्यात दोन अगदी निराळे अर्थ लपतात, शोधूनही सापडला नाही हा एक आणि शोधलाच नाही हा दुसरा. केरळबद्दल पहिला खरा आहे. जादूगोडाबद्दल दुसरा.

त्याहून मला खटकतं ते असं की या सगळ्या धांदलीत खाणकामगार बाजूलाच राहिला. मुलांच्या व्यंगाबद्दल विज्ञान साशंक असेल, खाणकामगाराच्या फुप्फुसाबद्दल ते अजिबात साशंक नाही. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणीतले मजूर तरुणपणी छातीच्या रोगाने मरतात, हे सोळाव्या शतकापासून लिहिलेलं आहे. १८७९ साली तो रोग म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग, हे दोन डॉक्टरांनी दाखवलं. रेडॉनचे अणू फुटून जे कण बनतात ते धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात आणि तिथूनच मारा करतात. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं मोठं कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटना रेडॉनचंच नाव घेते. विडी ओढणाऱ्या खाणकामगाराला तर दोन्हींचा मिळून जास्तच धोका. हा कर्करोग दहा, वीस, तीस वर्षांनी उगवतो, म्हणजे बहुतेक वेळा माणूस निवृत्त होऊन गावी गेल्यावर. तिथे त्याला क्षयाचं औषध सुरू होतं, छातीत पाणी झालं असं सांगितलं जातं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर काहीतरी लिहून विषय मिटतो. या मरणाचा फोटो काढण्यासारखा नसतो. खोकणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघून कुणी हळहळत नाही.

पूर्व जर्मनीतली विस्मुट ही कंपनी १९४६ पासून १९९० पर्यंत सोव्हिएत बॉम्बसाठी युरेनियम काढत होती, आणि गुप्ततेत ती आपल्या कुठल्याही खात्याला हार गेली नसती. जर्मनीचं एकीकरण झाल्यावर तिची दप्तरं उघडली. पगारपत्रकांवरून सुमारे ५९ हजार कामगारांची यादी केली, कोण कुठल्या वर्षी कुठल्या बोगद्यात होता त्यावरून मात्रा काढली, आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं ते शोधलं. हजारो माणसं फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली होती. त्या खाणी आणि गाळाचे तलाव निस्तरायला सरकारने अब्जावधी युरो खर्च केले. अमेरिकेत नवाहो आदिवासींच्या जमिनीतून १९४४ ते १९८६ या काळात जवळजवळ ३ कोटी टन खनिज निघालं. सरकारी आरोग्य खातं १९५० पासून त्या मजुरांवर अभ्यास करत होतं, पण खुद्द मजुरांना धोक्याची कल्पना दिली नव्हती. शेवटी त्यांच्या विधवा एकत्र आल्या. १९९० मध्ये भरपाईचा कायदा झाला आणि त्यात सरकारने माफीही मागितली. गंमत म्हणजे, गंमत कसली, भरपाई मागायला गेलेल्या बायकांकडे लग्नाचा सरकारी दाखला मागितला गेला. नवाहो रीतीने लागलेल्या लग्नाचा दाखला कुठून आणायचा? आपल्याकडच्या कार्यालयांत हेलपाटे घातलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

कम्युनिस्ट राजवटीतल्या बॉम्बच्या कारखान्याची यादी करता येते, तर जादूगोडाची का नाही? कामगारांच्या मात्रेच्या नोंदी आम्ही ठेवतो, असं खातंच सांगतं. मग १९६७ पासून खाणीत उतरलेल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं, याचा मोठा, स्वतंत्र, छापून प्रसिद्ध झालेला अभ्यास लोकांसमोर असायला हवा होता. तो नाही.

याचं उत्तर रचनेत आहे. खाण चालवणारी कंपनी अणुऊर्जा खात्याची. किरणोत्सर्ग मोजणारं भाभा केंद्र त्याच खात्याचं. लक्ष ठेवणारं नियामक मंडळ १९८३ मध्ये झालं, पण अहवाल द्यायचा तो अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजे त्याच खात्याचे सचिव. २०१२ मध्ये महालेखापालांनी या मंडळाच्या स्वायत्ततेवर नेमकं बोट ठेवलं. तीन दशकं होत आली तरी मंडळाने देशासाठी किरणोत्सर्ग सुरक्षेचं धोरणच केलेलं नाही, असंही नोंदवलं. स्वतंत्र नियामकाचं २०११ चं विधेयक संसदेत पडून राहिलं आणि लोकसभेबरोबर बाद झालं. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती दडवायची मुभा तर दिलीच होती. जादूगोडाच्या लोकांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, ती एप्रिल २००४ मध्ये निकाली निघाली. आधार काय, तर पुरेशी काळजी घेतली जाते असं सांगणारं अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांचं प्रतिज्ञापत्र. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच साक्षीदार आणि तोच तज्ज्ञ. यात कुणी शास्त्रज्ञ खोटारडा आहे असं मला म्हणायचं नाही. ट्रॉम्ब्यात आयुष्य घालवलेली सचोटीची माणसं मला माहीत आहेत. पण सचोटीचा माणूससुद्धा स्वतःच्या घरच्या हिशेबाचा लेखापरीक्षक होऊ शकत नाही, म्हणून तर लेखापरीक्षक बाहेरचा नेमतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अशा अभ्यासांनी भीतीच पसरते, आणि भीतीचेही बळी असतात. जादूगोडाच्या मुलींची लग्नं जमताना गावाचं नाव ऐकून नकार येतात, जमलेली मोडतात. माहेर सांगताना शेजारच्या गावाचं नाव सांगावं लागतं. हे खरं आहे. पण ही भीती अभ्यासाने पसरलेली नाही, अभ्यास नसल्यामुळे पसरली आहे. करुणागप्पळ्ळीच्या माणसाला दाखवायला एक छापील कागद आहे. जादूगोडाच्या बापाकडे मुलीच्या सासरच्यांना दाखवायला काय आहे? ‘मर्यादेच्या आत’ हे सरकारी वाक्य? त्यावर तो स्वतः तरी विश्वास ठेवतो का?

दुसरा आक्षेप देशाच्या गरजेचा. कोळसा जाळून चालणार नाही, अणुवीज हवी, २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं लक्ष्य सरकारने जाहीर केलं आहे. मी अणुविजेच्या विरोधात नाही. झरिया-धनबादच्या कोळशाच्या धुळीत किती माणसं खपली याचा हिशेब मांडला तर युरेनियम कदाचित स्वस्तच ठरेल. पण ‘कदाचित’ म्हणावं लागतं ते याचसाठी, की युरेनियमच्या बाजूची वही कोरी आहे. आणि ती कोरी ठेवण्याची किंमत आता खात्यालाही मोजावी लागते. मेघालयात डोमियासियातच्या परिसरात स्पिलिटी लिंगदोह लांगरिन या म्हाताऱ्या बाईने आपली जमीन खाणीसाठी द्यायला मरेपर्यंत नकार दिला, पैसे कितीही मिळत असले तरी. तेलंगणाच्या विधानसभेने २०१९ मध्ये नल्लमलाच्या जंगलात युरेनियम नको असा ठराव केला. या लोकांनी किरणोत्सर्गाची पुस्तकं वाचली होती असं नाही. त्यांनी जादूगोडाकडे बघितलं होतं.

महाराष्ट्रात आपण जैतापूरवर रान उठवलं, माडबनच्या सड्यावर काय होईल यावर मराठीत ढीगभर लिहिलं गेलं. ते योग्यच होतं. पण अणुभट्टीचा धोका हा ‘झालं तर’ असा धोका असतो. खाणीचा रोजचा असतो आणि तो आपल्या वाट्याला आलेला नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीच्या बाहेर ठेवलेल्या आहेत. तिथे परदेशी युरेनियम चालत नाही, देशी लागतं. म्हणजे पालघरच्या किनाऱ्यावरून आपल्या तारांत येणाऱ्या विजेचा काही भाग थेट सिंहभूमच्या डोंगरातून येतो. अणुऊर्जा खातं, भाभा केंद्र आणि नियामक मंडळ, तिघांचेही पत्ते मुंबईचेच. जादूगोडाच्या माणसाला दाद मागायला दीड हजार किलोमीटर यावं लागतं. मुंबईकराला लोकलचं तिकीट पुरतं. तरी जादूगोडाबद्दलची हाक मुंबईतून फारशी ऐकू आलेली नाही.

करायचं काय, हे काही गूढ नाही. पट्ट्यातल्या सगळ्या गावांची जन्म-मृत्यूची आणि कर्करोगाची नोंदणी, आणि ती कंपनीच्या वा खात्याच्या हातात नसावी. आरोग्य मंत्रालय, वैद्यकीय संशोधन परिषद, एखादं वैद्यकीय महाविद्यालय, आणि देखरेखीला ग्रामसभेची माणसं. घराघरात रेडॉन मोजायची साधी डबी वर्षभर टांगायची, कारण पावसाळ्यातली मात्रा आणि बंद दारांच्या थंडीतली मात्रा यांत मोठा फरक असतो. प्रत्येक विहिरीच्या पाण्याचा आकडा त्या विहिरीवर रंगवायचा, फायलीत नाही. नोंदी सगळ्यांना खुल्या. आणि निष्कर्ष काहीही निघो, आजारी माणसाचे उपचार निष्कर्षाची वाट न बघता.

मात्र सुरुवात कामगारांपासून व्हायला हवी, आणि ती लवकर व्हायला हवी. १९६७-६८ साली विशी-पंचविशीत खाणीत उतरलेली माणसं आज असतील तर ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. बरीचशी गेली. त्यांच्या मागे बायका आहेत, ज्यांना आठवतं की नवरा कुठल्या पाळीला होता, किती वर्षं खाली होता, शेवटी खोकल्यातून काय पडायचं. त्याही आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. गणवेश धुणाऱ्या याच. त्यांच्याकडून ऐकून लिहून घ्यायचं तर हातात दहा-पंधरा वर्षंही उरलेली नाहीत. त्यानंतर कंपनीची दप्तरं उघडली तरी पगारपत्रकावरच्या नावाचं पुढे काय झालं, हे सांगणारं कुणी नसेल.